घराआधी जमीन वाचावी

गेल्या महिन्यात माझा मुलगा एक गुळगुळीत, रंगीत माहितीपत्रक घेऊन आला. आमच्या भांडुपातच, लाल बहादूर शास्त्री मार्गालगत उभ्या राहणाऱ्या इमारतीतला फ्लॅट. राहायला नव्हे, गुंतवणूक म्हणून. "अब्बा, भाडं येत राहील, हप्ता फिटत जाईल आणि फ्लॅट आपला!" माझ्या म्हातारपणासाठी साठवलेल्या पैशांतले काही त्यात घालावेत, असा त्याचा बेत होता. कवितेत मी घरे पुष्कळ बांधली. हे घर मात्र पैशाचे होते. म्हणून पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर आम्ही बापलेक हिशेब मांडायला बसलो.

समजा, किंमत 1 कोटी. त्यावर मुद्रांक शुल्क 6 टक्के, म्हणजे 6 लाख; घर स्त्रीच्या नावावर घेतल्यास एक टक्का सवलत. नोंदणीचे 30 हजार वेगळे. 75 लाखांचे कर्ज साडेआठ टक्के दराने 20 वर्षांसाठी घेतले, तर हप्ता साधारण 65 हजार. भाडे 28 हजार धरले, तरी दरमहा 37 हजार खिशातूनच जाणार. वर्षाच्या भाड्यातून सोसायटीचा देखभाल खर्च, मालमत्ता कर आणि भाडेकरू बदलताना रिकामा जाणारा एखादा महिना वजा करा. हाती उरतात अडीच लाखांच्या आसपास. म्हणजे कर्ज साडेआठ टक्क्यांचे आणि उत्पन्न अडीच टक्क्यांचे!

मुलगा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे आपण भाड्यावर नाही, भाववाढीवर पैसे लावतोय." हा पहिला धडा. पण वाढलेला भाव हातात कधी पडतो? घर विकले जाईल तेव्हा. आणि ते विकले जाईलच, असे कोणी सांगावे?

आमच्याच मुलुंड-विक्रोळी पट्ट्यातली गोष्ट आहे. 1975 साली राज्यात खाजगी वने संपादन करण्याचा कायदा झाला. 1950 च्या दशकात वन कायद्याखाली निघालेल्या जुन्या नोटिशींचा आधार घेऊन, 2006 च्या सुमारास अनेक जमिनींच्या सरकारी दप्तरात 'खाजगी वन' अशी नोंद चढली. तोवर त्यांतल्या कित्येक जमिनींवर रीतसर परवानग्या घेऊन इमारती उभ्या राहिल्या होत्या, माणसे राहायला आली होती. 2008 मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल रहिवाशांच्या विरोधात गेला. अखेर 30 जानेवारी 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. नुसती नोटीस काढून पुढे वर्षानुवर्षे काहीच केले नाही, तर जमीन वन ठरत नाही, असे सांगितले. लोक सुटले. पण मधली आठ वर्षे?

माझा एक मित्र अशाच एका इमारतीत राहत होता. मुलीच्या लग्नासाठी त्याने फ्लॅट विकायला काढला. गिऱ्हाईक आले, घर पसंत पडले. पण ती नोंद पाहून बँकेने कर्ज नाकारले आणि गिऱ्हाईक गेले. हप्ते फिटलेले, छप्पर शाबूत. तरी ऐन गरजेला त्या घराचे चार पैसे होईनात. लग्न उसनवारीवर पार पडले.

म्हणून कागद वाचायला शिकले पाहिजे. हक्क, वारस, कब्जा, दस्त हे शब्द गझलेतही भेटतात. इथे मात्र त्यांचा एकच अर्थ घ्यायचा, कायद्याचा. जमिनीचे मालमत्ता पत्रक किंवा सातबारा काढावा, त्यावरचे फेरफार पाहावेत. दुय्यम निबंधकाकडील जुन्या व्यवहारांचा शोध आपल्या वकिलाकडून घ्यावा, बिल्डरच्या नव्हे. नवी इमारत असेल, तर मे 2017 पासून सुरू झालेल्या महारेराच्या संकेतस्थळावर तिचा नोंदणी क्रमांक टाकावा. ताबा कधी मिळणार, ती तारीख किती वेळा पुढे गेली, न्यायालयात दावा आहे का, हे तिथे दिसते. भाव कार्पेट क्षेत्रफळावरच ठरवावा. आणि करारनाम्याची नोंदणी होण्याआधी दहा टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला मागता येत नाही, हे ध्यानात ठेवावे.

एवढे करूनही माझा मित्र कदाचित वाचला नसता. त्याने घर घेतले, तेव्हा ती नोंद दप्तरात नव्हतीच. दुसरा धडा म्हणूनच मला मोठा वाटतो : ज्या पैशाला तारीख आहे, मग ती लग्नाची असो, शिक्षणाची असो की औषधपाण्याची, तो जमिनीत पुरू नये. सोन्यातली एक बांगडी विकता येते; फ्लॅटमधली एक खोली विकता येत नाही.

माझ्या साठवणीचे पैसे बँकेतच राहिले. मुलाने माहितीपत्रक मात्र टाकलेले नाही. त्यावरचा भूमापन क्रमांक त्याने वहीत उतरवून घेतला आहे. आधी मालमत्ता पत्रक काढतो, म्हणाला.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)