नाईलवरचं ग्रहण आणि बोटीतले गैरसमज

२ ऑगस्ट २०२७ला सोमवार आहे. शनिवार-रविवारला रजा जोडायची, मुलाबाळांसह इजिप्त गाठायचं आणि नाईलच्या पात्रात बोटीवर बसून खग्रास सूर्यग्रहण पाहायचं, असा बेत कोणालाही मोहात पाडेल. बेत उत्तमच आहे. पण त्याच्याभोवती ऐकीव गोष्टींचं मोठं गाठोडं जमलंय. तिकिटं काढण्याआधी ते सोडून पाहावं.

पहिली अफवा फॉरवर्डमधली : सहा मिनिटं सारं जग अंधारात बुडणार. हाच मजकूर २ ऑगस्ट २०२५ची तारीख लावूनही फिरला होता आणि त्या दिवशी तर ग्रहणच नव्हतं. खरं एवढंच, की २०२७मध्ये लक्सरजवळ खग्रास स्थिती जास्तीत जास्त ६ मिनिटं २३ सेकंद टिकेल. चंद्राची गडद सावली ज्या पट्ट्यातून सरकेल, त्याची रुंदी जेमतेम २५८ किलोमीटर. दक्षिण स्पेन, उत्तर आफ्रिका, इजिप्त, सौदी अरेबिया, येमेन, सोमालिया आणि पुढे हिंदी महासागर असा तिचा रस्ता. मुंबईत त्या दिवशी दुपारनंतर खंडग्रास ग्रहण आहे, तेही ऑगस्टच्या ढगांनी वाट दिली तर. ‘शतकातलं सर्वांत मोठं’ हेही खरं नाही. तो मान २२ जुलै २००९च्या ग्रहणाकडे गेला, ६ मिनिटं ३९ सेकंद. ती कमाल वेळ पॅसिफिक महासागरात होती. आपल्याकडे त्या सकाळी सुरत आणि बिहारमधलं तारेगणा इथे जमलेल्यांच्या वाट्याला ढग आले.

दुसरा गैरसमज जास्त महागात पडणारा आहे, कारण त्यात पैसे भरून झालेले असतात. ‘नाईलची क्रूझ घेतली म्हणजे झालं.’ नाही झालं. लक्सर ते आस्वान या दोनशेहून अधिक किलोमीटरच्या पट्ट्यात क्रूझच्या बोटी ये-जा करतात. लक्सर सावलीच्या मध्यरेषेजवळ आहे. वाटेवरचं एडफू सावलीच्या पट्ट्याच्या आत आहे, पण तिथे काळोखाची वेळ कमी. आस्वान मात्र सावलीच्या पट्ट्याबाहेर. मधे एस्ना इथलं लॉक आहे, तिथे बोटींना आपली पाळी येईपर्यंत रांगेत थांबावं लागतं. त्यामुळे कागदावर दुपारी लक्सरला दाखवलेली बोट प्रत्यक्षात कुठे असेल, हे लॉकवरची रांग ठरवते.

यावर हमखास येणारं उत्तर असं : आस्वानला सूर्य जवळजवळ पूर्ण झाकला जाणारच ना, मग थोडक्यासाठी एवढं काय? मला तर हाच सगळ्यांत मोठा गैरसमज वाटतो. सूर्य पौर्णिमेच्या चंद्राच्या सुमारे चार लाख पट तेजस्वी आहे. त्याचा एक टक्का जरी उघडा राहिला तरी तो पूर्णचंद्राच्या चार हजार पट उजेड देतो. तेवढ्या उजेडात प्रभामंडळ दिसत नाही, भरदुपारी शुक्र-गुरू शोधण्याची गंमत नाही, क्षितिजावर चहूबाजूंनी पसरणारा संध्याप्रकाश नाही. खंडग्रास आणि खग्रास यांत टक्क्यांचा हिशेब चालतच नाही.

आता डोळे. ‘ग्रहणातली किरणं विषारी असतात’ असं आजही सांगितलं जातं. सूर्य नेहमीचाच असतो, किरणंही नेहमीचीच. फरक आपल्या वागण्यात पडतो. एरवी सूर्याकडे पाहिलं तर डोळे आपोआप मिटतात. ग्रहणात उजेड कमी झालेला असतो, कुतूहल वाढलेलं असतं, म्हणून आपण पाहत राहतो. दृष्टिपटलाला वेदना जाणवत नाही, त्यामुळे ते भाजतंय हे तेव्हा कळत नाही. काही तासांनी नजरेच्या मध्यभागी डाग दिसू लागतो आणि त्यावर खात्रीचा उपचार नाही.

मग आपला घरगुती उपाय निघतो : परातीत पाणी घ्या, त्यात बघा. बोटीवर तर खाली अख्खी नदीच आहे! पण पाण्याचा पृष्ठभाग वरून पडलेल्या प्रकाशाचा सुमारे २ टक्के भाग परत पाठवतो. आयएसओ १२३१२-२ या मानकाचा ग्रहणचष्मा ०.००३२ टक्क्यांहून जास्त प्रकाश आत येऊ देत नाही. म्हणजे पाण्यातलं प्रतिबिंब चष्म्यातून दिसणाऱ्या सूर्यापेक्षा सहाशे पटींहून प्रखर. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, काळा गॉगल हे सगळे उपायही बादच. चष्मा लावून दुर्बिणीला डोळा लावणं तर त्याहून वाईट, कारण भिंगांनी गोळा केलेली उष्णता तो चष्मा जाळून आत शिरते. दुर्बीण वापरायचीच तर गाळणी तिच्या पुढच्या तोंडावर हवी.

चष्मा शेवटपर्यंत काढायचा नाही, हीसुद्धा चूकच, फक्त उलट दिशेची. सूर्य पूर्ण झाकला गेला की चष्मा उतरवायचा. तो लावून प्रभामंडळ दिसत नाही, सगळा काळोखच दिसतो. भीतीपोटी मुलांना चष्मा काढूच दिला नाही, तर इतक्या लांब येऊन ती मुख्य गोष्टच चुकवतील. दुसऱ्या कडेला सूर्याचा पहिला ठिपका हिऱ्याच्या खड्यासारखा चमकला की लगेच चष्मा पुन्हा डोळ्यांवर.

‘बोट हलते, तिथून काय दिसणार?’ दुर्बिणीशिवाय पाहणाऱ्यांना काहीच अडचण नाही. मोठ्या दुर्बिणीतून बारकाईने फोटो काढणाऱ्यांनी मात्र काठावरच उतरावं. समुद्रावर बोटीचा खरा फायदा ढग टाळून सरकता येणं हा असतो. ३० जून १९७३च्या ग्रहणासाठी ‘कॅनबेरा’ ही प्रवासी बोट पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे गेली होती, तिच्यावर लेखक आयझॅक असिमॉव्हही होते. लक्सरला ऑगस्टमध्ये ढगांची भीती जवळजवळ नसते. तिथे बोट हवी ती सावलीसाठी, पाण्यासाठी आणि स्वच्छतागृहासाठी. पारा चाळीस अंशांच्या वर असतो, आणि खग्रास स्थिती येण्याआधी दीडेक तास खंडग्रास चालू असतं. तेवढा वेळ मुलांना उन्हात ताटकळत ठेवणं शहाणपणाचं नाही.

एक गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही. दुपारी एकच्या सुमारास सूर्य जवळजवळ डोक्यावर, क्षितिजापासून ८२ अंशांवर असेल. म्हणजे वरच्या डेकवरचं कापडी छत नेमकं तोच झाकेल. शिडाच्या लहान फेलुकेतही तीच गत. छत गुंडाळता येतं का, हे आधी विचारावं आणि आजी-आजोबांसाठी आडवं पडता येईल अशा खुर्च्या मिळवाव्यात. सूर्य माथ्यावर असल्याचा एक फायदाही आहे : सगळ्यांनी एका कठड्याकडे धावायचं कारण उरत नाही. तरी लहान नाव असेल तर ती काठाला बांधलेली असावी आणि मुलांच्या अंगात लाइफ जॅकेट असावं.

वेध, सुतक, उपास यांच्यावर फार शब्द खर्चत नाही. १६ फेब्रुवारी १९८०च्या ग्रहणात मुंबईचे रस्ते ओस पडले होते, ते भीतीने. ग्रहणाने अन्न नासत नाही. लक्सरच्या उन्हात डबा बाहेर ठेवला तर नासेल, तुळशीचं पान ठेवलं तरी. गरोदर बाईला ग्रहणाचा धोका नाही, पण तिथली उष्णता सोसण्याबद्दल डॉक्टरांना विचारूनच निघावं.

तेव्हा बुकिंग करताना केबिन केवढी, जेवण शाकाहारी आहे का, हे जरूर विचारा. पण त्याआधी एक प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी घ्या : सोमवारी २ ऑगस्टला सकाळपासून बोट कुठे नांगरलेली असेल? उत्तर ‘आस्वान’ किंवा ‘एस्नाच्या लॉकपाशी, बघू’ असं आलं, तर दुसरी बोट शोधा.