हिशेब मे महिन्याचा करा!

आमच्या विदर्भात ‘कूलर’ म्हटलं की खिडकीतला, वाळ्याच्या ताट्यांचा कूलरच डोळ्यांपुढे येतो. कॉम्प्युटरच्या पोटातही एक कूलर असतो, हे मला कळलं ते ऐन मे महिन्यात, बल्लारपूरच्या भर दुपारी!

लेक ॲनिमेशन शिकते. दुसऱ्या दिवशी प्रोजेक्ट द्यायचा आणि स्क्रीन काळी. पुन्हा सुरू केला, पुन्हा बंद. पोरगी रडकुंडीला आली. कॉम्प्युटर सेकंडहँड, विकणाऱ्याने ‘ओव्हरक्लॉक करून दिलाय’ असं कौतुकाने सांगितलेलं. म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचा. जानेवारीत तर छान पळत होता!

“आई, नवा घेऊ या ना,” लेक म्हणाली. भिशीचे पैसे होते, पण म्हटलं आधी समजून तर घेऊ.

समजलं ते असं. गॅस मोठा केला की दूध लवकर तापतं, पण उतूही जातं. प्रोसेसरचं तसंच. वेग १० टक्के वाढवला आणि त्यासाठी व्होल्टेजही १० टक्के वाढवावं लागलं, तर उष्णता सुमारे ३३ टक्क्यांनी वाढते. पंखा ही उष्णता खोलीतल्या हवेत सोडतो. म्हणजे खोलीच्या हवेपेक्षा थंड तो प्रोसेसरला करूच शकत नाही. जानेवारीत खोली २२ अंश आणि प्रोसेसर ७५ असेल, तर मेमध्ये ४२ अंशांच्या खोलीत तोच ९५ च्या आसपास जाणार. मग तो जीव वाचवायला आधी मंदावतो, नंतर बंद पडतो. शेजारच्या चंद्रपुरात २ जून २००७ रोजी पारा ४९ अंशांवर गेला होता. आपल्याकडचा उन्हाळा म्हणजे गंमत नाही, बायांनो!

त्या रात्री आम्ही वेग मूळ आकड्यावर आणला, आतली धूळ झटकली. पहाटेपर्यंत प्रोजेक्ट पूर्ण झाला.

नंतर भिशीच्या पैशातून प्रोसेसर बदललाच. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘के’ असतो ते ओव्हरक्लॉकिंगसाठी खुले असतात. एएमडीचे रायझन बहुतेक खुलेच. पण मी खोक्यावरचे वॅट पाहिले. १२५ वॅटचा सोडून ६५ वॅटचा घेतला, तोही ओव्हरक्लॉक न करता. वाचलेल्या पैशात मोठ्या पंख्याचा चांगला एअर कूलर आणला. दुकानदार वॉटर कूलिंग सुचवत होता. पण त्यातलं पाणीसुद्धा शेवटी खोलीच्याच हवेने गार होतं, शिवाय पंप बिघडण्याची धास्ती वेगळी!

काही गोष्टी लक्षात ठेवा. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये थर्मल पेस्ट लावतात, ती वाटाण्याएवढीच पुरते. कॅबिनेट भिंतीला चिकटवू नका. महिन्यातून एकदा धूळ काढा. आणि खिडकीतल्या कूलरचा ओलसर झोत थेट कॅबिनेटवर कधीच नको; खोली गार झाली की पुरे.

यंदाचा मे गेला. स्क्रीन एकदाही काळी झाली नाही. लेक म्हणते, “आई, वेग थोडा वाढवू का?” मी म्हणते, “वाढव, पण जानेवारीत!”