झडीपुढची खिडकी

पावसाळ्यात एसटीने मालवणला गेलेल्या माणसाला एक गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. खिडकीची काच पक्की सरकवलेली असते, बाहेरून थेंबही आत येताना दिसत नाही, आणि कसालच्या पुढे एखाद्या वळणावर खिडकीच्या पन्हळीत साठलेलं ओंजळभर पाणी सरळ मांडीवर येतं. त्या काचेतून पाणी झिरपलेलंच नसतं. पन्हळीच्या तळाशी बाहेरच्या बाजूला पाणी निघून जायला छोटी भोकं ठेवलेली असतात, ती धुळीने आणि पानांच्या कचऱ्याने बुजलेली असतात. म्हणजे तक्रार पाणी आत येण्याची नसून, आलेलं पाणी बाहेर न गेल्याची असते.

हाच घोटाळा आता वेगळ्या गाड्यांत पाहायला मिळतो. राज्य सरकारने 2021 मध्ये कॅराव्हान पर्यटनाचं धोरण आणलं, पण हौशी लोक त्याआधीपासूनच जुन्या व्हॅनमध्ये बिछाना, ओटा आणि पाण्याची टाकी बसवून किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडत होते. यासाठी हाताशी असलेली गाडी म्हणजे टेम्पो ट्रॅव्हलर. मर्सिडीजच्या एका जर्मन व्हॅनवरून बेतलेली ही गाडी बजाज टेम्पोने 1987 मध्ये आणली. तिच्यातल्या सर्वांत जुन्या गाड्या चाळिशीला टेकल्या आहेत. बॉडीवाल्याने पत्रा कापून त्यात ॲल्युमिनियमची सरकती खिडकी बसवलेली असते, आत प्लायवूड आणि लाकडी पट्ट्या असतात. तारकर्लीला माडाखाली उभी असताना ती झकास दिसते. मिरग लागला की चौथ्या-पाचव्या दिवशी खिडकीखालचं प्लाय फुगतं, आणि मालक सिलिकॉनची नळी घेऊन बाहेरून चौकटीभोवती पांढरी रेघ ओढतो. पुढच्या पावसाळ्यात त्या रेघेवर दुसरी रेघ.

ही रेघ का टिकत नाही? आधी पाणी आत कसं शिरतं ते पाहू.

पाणी वरून खाली येतं, हे आपल्या मनात इतकं पक्कं असतं की गळतीचा शोध आपण कायम वरच घेतो. पण अगदी अरुंद फटीत पृष्ठताणामुळे पाणी वर चढतं, आणि फट जितकी बारीक तितकं जास्त चढतं. दोन स्वच्छ पृष्ठभागांमध्ये एक मिलिमीटरचं अंतर असेल तर साधारण दीड सेंटिमीटर. तेच अंतर 0.2 मिलिमीटर असेल, तर सात सेंटिमीटरच्या वर. डोळ्यांना ‘बसलेली’ वाटणारी चौकट म्हणूनच जास्त फसवते.

त्यात वाऱ्याची भर. कोकणात नुसत्या पावसाला कोणी भीत नाही, भीती झडीची. ताशी 60 किलोमीटरचा वारा समोरच्या भिंतीवर सुमारे 170 पास्कल दाब टाकतो. ऐकायला हा आकडा किरकोळ, पण एवढा दाब 17 मिलिमीटर उंचीचं पाणी तोलून धरतो. गाडी महामार्गावर ताशी 80 ने धावत असेल आणि समोरून भिडणाऱ्या वाऱ्याचा हिशेब केला, तर हाच आकडा 30 मिलिमीटरपर्यंत जातो. खिडकीच्या खालच्या पन्हळीची आतली कड वीस मिलिमीटर उंच असेल, तर पाणी तिच्यावरून आत ढकललं जाऊ शकतं, काच कितीही घट्ट असो. आपल्याकडे पावसाआधी पडवीला माडाची झापं बांधत. त्या झापांत असंख्य फटी असतात. तरी पडवी कोरडी राहते, कारण वाऱ्याचा जोर झापावर मोडतो आणि मागे उरतं ते नुसतं ओघळणारं पाणी. ओघळत्या पाण्याला वळवणं सोपं, ढकललेल्या पाण्याला अवघड.

आता त्या पांढऱ्या रेघेकडे वळू. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचा पत्रा 60 अंशांच्या पुढे सहज जातो. वळवाची सर आली की काही मिनिटांत तो 25 अंशांवर उतरतो. तापमानातल्या प्रत्येक अंशाला एक मीटर ॲल्युमिनियम 23 मायक्रॉन वाढतं-घटतं, पोलादी पत्रा 12. चाळीस अंशांच्या फरकाला मीटरभर लांब चौकट आणि तिच्याखालचा पत्रा यांच्यात जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरची तफावत पडते, म्हणजे चौकटीच्या प्रत्येक टोकाला पाव मिलिमीटरच्या जरा आत. चौकट आणि पत्रा यांच्यात 0.2 मिलिमीटरचा पातळ, कडक थर असेल, तर तो स्वतःच्या जाडीपेक्षा जास्त ओढला जातो आणि फाटतो. तिथे दोन मिलिमीटरचा मऊ थर असेल, तर तीच ओढ त्याच्या जाडीच्या फक्त अकरा टक्के असते. परदेशी बनावटीच्या जुन्या कॅराव्हानमध्ये काचेऐवजी ॲक्रिलिक असतं. ते ॲल्युमिनियमच्या तिप्पट हलतं, तिथे हा हिशेब आणखी कडक होतो.

मालवणच्या लाकडी होड्या बांधणाऱ्यांना हे आकडेमोडीशिवाय माहीत होतं. रापणीच्या जुन्या होड्यांच्या फळ्या खिळ्यांनी न जोडता काथ्याने शिवलेल्या असत, कारण लाटेवर होडी मुरडते आणि जोडाने तिच्याबरोबर मुरडायला हवं. पावसाळाभर किनाऱ्यावर सुकलेली लाकडी होडी नारळी पौर्णिमेनंतर पाण्यात लोटली की आधी थोडं पाणी घेते. मग लाकूड फुगतं आणि फटी आपोआप मिटतात. पत्र्याची गाडी अशी फुगत नाही, तेव्हा मऊपणा बाहेरूनच आणून घालावा लागतो.

तो मऊपणा म्हणजे ब्युटाइल. थॉमस आणि स्पार्क्स या दोन अमेरिकी रसायनज्ञांनी 1937 मध्ये हे रबर तयार केलं. त्यातून हवा फार मंद गतीने झिरपते, म्हणून टायरच्या ट्यूब त्याच्या बनतात. खिडकीसाठी त्याची चिकट पट्टी मिळते आणि तिचा मोठा गुण म्हणजे ती सहजासहजी वाळून कडक होत नाही. सिलिकॉन वाईट आहे असं अजिबात नाही, न्हाणीघरात त्याला तोड नाही. पण स्वस्त सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो. तो वास असतो वाळताना सुटणाऱ्या ॲसिटिक आम्लाचा, आणि ते आम्ल धातूला पोखरतं. शिवाय सिलिकॉनचा अदृश्य थर मागे राहिला की त्यावर पुढे काहीच नीट धरत नाही. आधी ओढलेली रेघ नंतरच्या दुरुस्तीची अशी वाट लावते.

तेव्हा खिडकी काढायचीच. चौकटीच्या खाचेतली प्लास्टिकची पट्टी ओढून काढली की स्क्रूंची रांग दिसते, आणि मालवणच्या गाडीत हे दृश्य पाहण्यासारखं असतं. स्क्रूभोवती ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी, भोक मूळ मापापेक्षा मोठं. मीठ आपल्या हवेत कधी कोरडं राहतच नाही. आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं, म्हणजे पाऊस नसतानाही स्क्रू आणि चौकट खारट पाण्यात भिजत असतात. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी, की झाली बॅटरी. त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. ती भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते, चौकटीला आतून रेटते आणि फट वाढवते. स्टेनलेस स्टीलचा स्क्रू लावला तरी स्क्रू वाचतो, चौकट नाही. प्रत्येक स्क्रूच्या मानेला ब्युटाइलचा छोटा गोळा लपेटला, तर मात्र दोन्ही धातूंमध्ये आडोसा तयार होतो.

जुना चिकटा केस वाळवायच्या ड्रायरने कोमट करून लाकडी किंवा प्लास्टिकच्या पात्याने खरवडावा. थिनरचा मोह टाळलेला बरा. तो ॲक्रिलिकला बारीक तडे पाडतो. पत्रा शेवटी आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसायचा. फुगलेलं प्लाय आणि कुजलेली पट्टी बदलल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही, स्क्रूला धरायलाच काही उरलेलं नसतं. हे काम सकाळी, पत्रा ना तापलेला ना दवाने ओला, अशा वेळी करावं. पट्टीचा सांधा चौकटीच्या वरच्या बाजूला कधीच येऊ देऊ नये. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळायचे. सगळी ताकद लावली की ब्युटाइल बाहेर येतं आणि आपण पुन्हा त्या 0.2 मिलिमीटरवर येऊन पोचतो. आणि खालची भोकं मोकळी ठेवायची. ‘इथूनच गळतंय’ म्हणून ती बुजवणारे कारागीर कमी नाहीत!

परीक्षा पाइपाने घ्यायची, पण खालून वर. आधी खालची कड, काही मिनिटांनी बाजू, शेवटी माथा. वरून सुरुवात केली तर पाणी कुठून शिरलं ते कळणार नाही, कारण आतल्या बाजूला थेंब दिसतो तो बरेचदा त्याच्या शिरण्याच्या जागेपासून हातभर लांब असतो. त्यातूनही सापडलं नाही, तर पंक्चरवाल्याची पद्धत. दारं बंद करून ब्लोअरने आत हवा भरायची आणि बाहेरून साबणाचं पाणी लावायचं. बुडबुडे फट दाखवतात.

चार-पाच कडक उन्हं झाली की ब्युटाइल बसतं आणि स्क्रू पाव फेरा ढिले वाटतात. ते पुन्हा आवळायचे आणि कडेने बाहेर आलेली काळी वळी बांबूच्या कामटीने कापून टाकायची. लोखंडी पातं रंगावर ओरखडा पाडतं, आणि खाऱ्या वाऱ्यात त्या ओरखड्यातून गंज सुरू व्हायला आठवडाही लागत नाही.