हवाई धंद्याचं गणित, भाग ५ : ॲव्हरेज किती देतं?

विमान भाड्याने चालवण्याच्या परमिटची कागदपत्रं गेल्या आठवड्यात उरकली. आता हिशेबाची वही.

माझा एक स्नेही लक्झरी बसच्या धंद्यात आहे. विमान घेण्याची हौस त्यालाही आहे, आणि त्याचा पहिला प्रश्न सवयीनेच आला : "ॲव्हरेज किती देतं?" आपण उदाहरणाला धरलेलं किंग एअर बी-२०० हे दोन इंजिनांचं टर्बोप्रॉप विमान तासाला साधारण ३८० लिटर इंधन पितं आणि तेवढ्यात पावणेपाचशे-पाचशे किलोमीटर जातं. म्हणजे लिटरला सव्वा किलोमीटर. "एवढंच ना? माझी बस साडेतीन देते, तरी धंदा चालतोच की," तो म्हणाला. बसवाल्याचा जीव डिझेलमध्ये अडकलेला असतो. विमानाच्या वहीत इंधन हा सर्वांत ठळक आकडा, पण धंदा बुडतो तो सहसा त्याच्यामुळे नव्हे.

तरी आधी तोच मांडू. विमानाचं इंधन, म्हणजे एटीएफ, जीएसटीच्या बाहेर आहे. ग्राहकाच्या बिलावर जीएसटी लावायचा, पण इंधनावर भरलेल्या व्हॅटची त्यातून वजावट नाही. महाराष्ट्राने २०२३च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे, रायगडमधला हा व्हॅट २५ टक्क्यांवरून १८वर आणला. राज्यात इतरत्र तो त्याहून बराच कमी होता. म्हणून जाणता पायलट परतीचं इंधनही शक्यतो बाहेरगावीच भरून घेतो, मात्र किती प्रवासी आणि किती सामान आहे ते पाहून. हिशेबासाठी लिटरला १०० रुपये धरू : तासाला ३८ हजार.

इंजिनाचा खर्च मात्र दिसत नाही. या विमानाच्या पीटी-६ए इंजिनाला ३,६०० तासांनी ओव्हरहॉल लागतं. समजा एका इंजिनाला ३ कोटी. दोन्ही मिळून दर तासाला सुमारे १७ हजार रुपये बाजूला टाकलेच पाहिजेत, बँकेत पैसे दिसत असले तरी. हे पैसे नफा समजून खाल्ले की ओव्हरहॉलच्या वेळी हँगरमध्ये प्रोपेलर उतरवलेलं, इंजिनाविना विमान उभं राहतं. भाडं रुपयांत येतं आणि सुट्या भागांचं बिल डॉलरमध्ये, हे दुखणं वेगळंच.

आता हे तास मोजायचे कसे? टेक लॉगचं, म्हणजे विमानाच्या नोंदवहीचं, पान पाहिलं तर एका फेरीच्या चार वेळा दिसतात : चोक्स ऑफ (चाकांचे अडसर काढले ती वेळ), टेकऑफ, लँडिंग, चोक्स ऑन (अडसर पुन्हा लावले ती). ग्राहकाला बिल पहिल्यापासून चौथ्यापर्यंतचं. इंजिनाचे तास मोजायचे दुसऱ्यापासून तिसऱ्यापर्यंत. मुंबईत रांगेत २० मिनिटं घरघरत उभं राहिलं तर इंजिनाचं आयुष्य कागदावर खर्ची पडत नाही, पण इंधन जळतं. नवा हिशेबनीस इथे हमखास गोंधळतो.

इतर देखभाल, लँडिंग, हँडलिंग यांचे २५ हजार धरले की उडण्याचा तासाचा खर्च ८० हजार. (८०हून कमी आसनांच्या विमानांना लँडिंग चार्ज माफ आहे, असं ऐकून हुरळू नका. ती सवलत शेड्यूल्ड कंपन्यांची. आपलं ८ आसनी विमान तिच्यात बसत नाही!)

आता न उडताही होणारा खर्च : पायलटांचे पगार, त्यांचं सिम्युलेटर प्रशिक्षण, विमा, हँगर, इंजिनिअर, कर्जाचा हप्ता. समजा वर्षाला ६ कोटी. विमान ६०० तास उडालं तर तासाला १ लाख. ३०० तास उडालं तर २ लाख. विमान तेच, माणसं तीच. निवडणुकीच्या हंगामात मशीनला उसंत नसते आणि पावसाळ्यात ढग खाली आले की लहान धावपट्ट्यांवरच्या फेऱ्या रद्द होतात. म्हणून वर्षाचे तास निवडणुकीच्या वर्षावरून धरणं मला धोक्याचं वाटतं.

आणि रिकामा फेरा. ग्राहकाला नागपूरला सोडलं, तो तिथेच चार दिवस राहणार. विमान मुंबईला रिकामं परत येतं, तेव्हाही मघाचे तासाला ८० हजार जळतातच. वर्षात ४०० तास उडालो, त्यातले १०० रिकामे आणि बिलाविना, असं धरा. एकूण खर्च ६ कोटी अधिक ३ कोटी २० लाख. भागायचं ४००ने नाही, ३००ने. तासाला ३ लाख ७ हजार पडले. सगळे तास विकले गेले असते तर २ लाख ३० हजार.

स्नेह्याने हा आकडा दोनदा तपासला. मग विचारलं, "नागपूरहून परतीचं भाडं मिळतं का रे?" मिळतं, कधीकधी, निम्म्या दराने. ८० हजारांच्या वर जे सुटेल ते घ्यावं असं माझं मत, पण एक गोम आहे : स्वस्तातला ग्राहक दोन तास उशिरा आला आणि पुढचा पूर्ण दराचा ग्राहक मुंबईत ताटकळला, की नुकसान कोणाचं? असा करार कसा लिहायचा, ते पुढच्या आठवड्यात.