विद्यापीठीय कर्मचाऱ्यांचे स्वास्थ्यरक्षण : शिबिर आणि निदानपरिवर्जन

स्वस्थाच्या स्वास्थ्याचे रक्षण हे आयुर्वेदाचे पहिले प्रयोजन. आतुराच्या विकाराचे प्रशमन हे त्यानंतरचे. तथापि आपल्या चिकित्सालयांत येतो तो बहुधा आतुरच. स्वस्थ मनुष्याची गाठ पडते ती त्याच्या घरी किंवा कामाच्या ठिकाणी. म्हणूनच एखाद्या विद्यापीठाकडून कर्मचाऱ्यांसाठी आरोग्य-उपक्रम घेण्याचे निमंत्रण आले की वैद्यवर्ग ते आनंदाने स्वीकारतो. २०१५ पासून २१ जूनच्या योगदिनामुळे आणि २०१६ पासून राष्ट्रीय आयुर्वेद दिनामुळे अशी निमंत्रणे वारंवार येऊ लागली आहेत.

अशा एका शिबिरातील प्रसंग आमच्या स्मरणात आहे. रक्तदाबाची तपासणी झाली, नाडीपरीक्षा झाली, व्याख्यान झाले, चूर्णाच्या पुड्या वाटून संपल्या. गर्दी पाहून आम्ही समाधानाने आवराआवर करीत असता परीक्षा विभागातील एक लिपिक आले. ते म्हणाले, “आम्हाला खिडकी सोडता येत नाही हो. दुपारी लघवीला जायचं म्हटलं तरी रांग ओरडते.” ज्यांच्यासाठी शिबिर भरवले होते ते खिडकीच्या आत होते आणि आम्ही सभागृहात बसलो होतो.

हा अनुभव केवळ आमचाच नाही. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शॅम्पेन येथील कर्मचाऱ्यांवर २०१६ पासून याच प्रश्नाचा काटेकोर अभ्यास झाला. ४,८३४ कर्मचाऱ्यांची यादृच्छिक पद्धतीने विभागणी करून ३,३०० जणांना आरोग्य-उपक्रमात सहभागी होण्याची संधी देण्यात आली. उर्वरित १,५३४ जणांना तुलनेसाठी बाहेर ठेवण्यात आले. उपक्रमात शारीरिक तपासणी, प्रश्नावली, तसेच व्यायाम, वजननियंत्रण, तंबाखूमुक्ती आदी वर्ग होते. त्यासाठी भरपगारी वेळ व रोख बक्षिसेही होती. तरीही तपासणी व प्रश्नावली हे पहिले दोन टप्पे निम्म्याहून थोड्या अधिक लोकांनी पूर्ण केले आणि पुढील वर्गांपर्यंत सुमारे एक चतुर्थांशच पोहोचले.

२०१९ व २०२० मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष विचार करावयास लावणारे आहेत. तपासणी करून घेणाऱ्यांचे प्रमाण वाढले, आपला नेहमीचा डॉक्टर असल्याचे अधिक लोकांनी सांगितले, स्वतःच्या आरोग्याविषयीचे मतही सुधारले. परंतु वजन, रक्तदाब, रक्तशर्करा इत्यादी मोजमापांत अथवा वैद्यकीय खर्चात लक्षणीय फरक आढळला नाही. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, जे स्वेच्छेने सहभागी झाले त्यांचा वैद्यकीय खर्च आधीपासूनच कमी होता व सवयीही चांगल्या होत्या. केवळ येणारे व न येणारे यांची तुलना केली असती, तर उपक्रम यशस्वी झाल्याचा भास झाला असता. आपल्या शिबिरांचे अहवाल उपस्थितीच्या आकड्यांवर लिहिले जातात; तेथेही हाच भास संभवतो.

मग करावे काय? आयुर्वेदाच्या दृष्टीने याचे उत्तर निदानपरिवर्जनात आहे. हेतू जागच्या जागी ठेवून वर उपक्रम चढविल्यास फळ अल्पच मिळणार. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात तेरा अधारणीय वेग सांगितले आहेत. त्यांपैकी मूत्र, पुरीष, क्षुधा व तृष्णा हे चार तरी खिडकीवरील कर्मचारी रोज अडवून धरतो. लेखा विभागात वर्षअखेरीस विषमाशन घडते, ग्रंथालयात धुळीचा संपर्क, अध्यापकांत अतिभाष्य, सुरक्षारक्षकांत रात्रिजागरण. प्रत्येक विभागाचा हेतू निराळा असल्याने सर्वांना एकच व्याख्यान पुरेसे नाही.

यास्तव आम्ही पुढील क्रम सुचवितो. प्रथम विभागनिहाय पाहणी करून हेतूंची नोंद करावी व ती कुलसचिवांसमोर मांडावी. खिडकीवर आळीपाळीने बदली कर्मचारी, भोजनाची निश्चित वेळ, पिण्याचे पाणी व स्वच्छ प्रसाधनगृह, या गोष्टी औषधाच्या यादीत बसत नाहीत. पण चिकित्सेचा आरंभ तेथूनच आहे.

दुसरे, व्यायाम आसनापाशी न्यावा. आयुष मंत्रालयाने कार्यालयांसाठी तयार केलेला पाच मिनिटांचा ‘वाय-ब्रेक’ हा क्रम येथे उपयोगी पडतो. त्याचे मोबाइल अ‍ॅप २०२१ मध्ये उपलब्ध झाले. ताडासन, स्कंधचालन, दीर्घश्वसन, भ्रामरी अशा क्रियांना सतरंजी लागत नाही की वेषांतर. मात्र ऋतूचे भान ठेवावे. अर्धशक्ती व्यायाम हेमंत, शिशिर व वसंतात योग्य. ग्रीष्मात बल क्षीण असते आणि परीक्षांचा ताणही नेमका तेव्हाच असतो. मे महिन्यात धावण्याच्या स्पर्धा ठेवणे शास्त्रसंमत नाही.

तिसरे, रात्रपाळीच्या रक्षकांना निद्रेचा विधी समजावून द्यावा. जितका काळ जागरण झाले त्याच्या निम्मा काळ सकाळी, भोजनापूर्वी झोपावे, असे अष्टांगहृदयात सांगितले आहे. पाळी संपवून भरपेट न्याहारी करून झोपण्याची सवय अनेकांत दिसते. ती बदलणे खर्चाचे नाही.

चौथे, रक्तदाब अथवा शर्करा वाढलेली आढळल्यास लेखी चिठ्ठीसह पुढील तपासणीस पाठवावे आणि चालू असलेली औषधे परस्पर बंद करण्यास सांगू नये.

औषधालयाच्या मालकांनाही येथे एक विनंती. शिबिराच्या मंडपात विक्रीचे टेबल मांडू नये. मधुमेह, रक्तदाब, स्थूलता यांवर उपाय म्हणून औषधाची जाहिरात करणे औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ अन्वये निषिद्ध आहे, आणि फलकावरील एक उतावळी ओळही त्यात मोडू शकते. शिवाय जेथे तपासणारा व विकणारा एकाच टेबलाशी बसतो, तेथे कर्मचारी सल्ल्याकडे संशयाने पाहतो. एकदा गेलेला विश्वास सवलतीच्या दराने परत मिळत नाही.

शेवटी मूल्यमापन. आमचा सुचविलेला क्रम फलदायी ठरेलच असे आम्ही गृहीत धरीत नाही. त्यालाही तीच कसोटी लागू आहे. म्हणून विभागातील सर्वांची यादी करावी, केवळ आलेल्यांची नव्हे. आणि सहा महिन्यांनी न आलेल्यांकडे जाऊन त्यांची विचारपूस करावी. पुढील निमंत्रण येईल तेव्हा सभागृह किती मोठे आहे हे विचारण्यापूर्वी, आसन सोडता न येणारे कोण आहेत हे विचारावे आणि पहिली भेट त्यांच्या खिडकीपाशी द्यावी.