हिशेब पितळी, भरणा सोन्याचा

रोमन लेखक प्लिनीची एक कुरकुर आपल्याकडच्या इतिहासाच्या पुस्तकांत हमखास भेटते: हिंदुस्थान दरसाल ५ कोटी सेस्टर्स गिळतो. पण सेस्टर्स हे पितळेचं नाणं. चार सेस्टर्सचा एक चांदीचा दिनार, पंचवीस दिनारांची एक सोन्याची मोहर. ओरड पितळी नाण्यात, आणि जहाजातून उतरलं ते सोनं-चांदी!

यात नवल काही नाही. रोमचं पितळी नाणं सम्राटाच्या शिक्क्यावर चाले. भडोचच्या सावकाराला त्या शिक्क्याशी काय देणंघेणं? त्याचा विश्वास तराजूवर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात भडोचला उतरणाऱ्या मालाची यादी आहे. तीत सोन्या-चांदीची नाणी आहेत. स्थानिक नाण्यांशी बदलली की नफा होतो, असंही म्हटलंय. त्याच यादीत तांबं, कथील आणि शिसंही आहे.

भडोचहून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर, असं हे पुस्तक सांगतं. ही वाट खानदेशातून जात असावी, असं मानतात. पूर्वी धुळ्यात आणि १९९८पासून नंदुरबारमध्ये असलेलं तापीकाठचं प्रकाशे, जळगावातलं गिरणाकाठचं बहाळ ही इथली जुनी गावं. प्रकाशेत १९५५ला बी. के. थापर यांनी, बहाळला त्याआधी म. ना. देशपांडे यांनी उत्खनन केलं. चाळीसगावहून घाट चढलं की पितळखोऱ्याची लेणी. नावातच पितळ, पण शिलालेखात भेटतो पैठणचा गंधी मितदेव. अत्तरवाला दानशूर निघाला!

मग बाजारात सुट्टे काय चालत? सातवाहनांचं पोटीन, म्हणजे तांब्यात कथील-शिसं मिसळून केलेली नाणी. वऱ्हाडात तऱ्हाळ्याला १९३९मध्ये अशी सुमारे १,६०० एकत्र सापडली. त्यातलं एखादं हातावर घ्यावं: बोटाच्या पेराएवढं, काळपट. एका बाजूला सोंड उंचावलेला हत्ती आणि कडेनं राजाचं नाव, तेही बहुधा अर्धवट, कारण ठसा चकतीपेक्षा मोठा. दुसऱ्या बाजूला फुलीच्या चार टोकांना चार वर्तुळं.

रोमन तांब्याच्या नाण्यांचा खच पडला तो दूर दक्षिणेत, करूर-मदुराईकडे, आणि तोही चौथ्या-पाचव्या शतकातल्या बारीक नाण्यांचा. आपल्याकडचा हत्ती तोवर बाजारातून उठला होता. पण त्याच्या अंगातले तिन्ही धातू भडोचच्या त्या यादीत आहेत.