एका मायक्रॉनची किंमत

लोखंड आणि ऑक्सिजन एकत्र आले की काय होतं? गंज, असं आपण चटकन म्हणतो. पण हीच जोडी वेगळ्या प्रमाणात जमली तर पोलादाला घट्ट धरून बसणारा काळा थर तयार होतो! तांबडा गंज भिंतीच्या पोपड्यासारखा फुगून सुटतो आणि आतलं लोखंड पुन्हा उघडं पाडतो. काळा थर मात्र तेलाचा हात मिळाला की वर्षानुवर्षं टिकतो.

आता ब्रिटिश कमांडोंचा फेअरबर्न-साइक्स खंजीर हातात घ्या. शांघायच्या पोलीस दलात मुरलेले विल्यम फेअरबर्न आणि एरिक साइक्स नोव्हेंबर १९४० मध्ये लंडनला विल्किन्सन सोर्ड कंपनीत गेले, आणि हे दुधारी पातं जन्माला आलं. सुरुवातीचे खंजीर चकचकीत होते, त्यांची परज इंग्रजी एस अक्षरासारखी वळलेली. पुढे परज सरळ झाली आणि कित्येक पाती काळी करून येऊ लागली. रात्रीच्या हल्ल्यात पातं चमकून कसं चालेल?

या काळ्या थराची जाडी असते मायक्रॉन-दोन मायक्रॉन. आणि बऱ्यापैकी बारीक, चारशे नंबरच्या पॉलिश पेपरचा एकेक दाणा सुमारे ३५ मायक्रॉनचा! म्हणजे कुणी हौसेनं दोन हात मारले की संपलं. कंपनीचं नाव आम्लानं पात्यावर कोरलेलं असतं, तेही उथळच. घासाघाशीत तेही पुसट होतं. मग हा खंजीर १९४१चा की नंतरची नक्कल, हे सांगणार कोण?

म्हणूनच निम्म्या किमतीत मिळणारा ‘घासूनपुसून लख्ख’ खंजीर मला महागच वाटतो. पैसे पुन्हा जमवता येतात, गेलेला मायक्रॉन परत येत नाही. नवा काळा रंग चढवता येईल, पण तो आजचा असेल.

सैनिकानं स्वतः धार लावली असेल तर? ते मी खुशाल माफ करीन. ते ओरखडे धारेपाशी असतात आणि वेडेवाकडे असतात. पॉलिशचं चाक मात्र पात्याच्या मधोमध धावणारा कणाच बोथट करून टाकतं. पातं उजेडात तिरपं धरा: ती रेघ मुठीपासून टोकापर्यंत सरळ, रेखीव दिसली पाहिजे. टोकही पाहा, ते इतकं निमुळतं असतं की सहज मोडतं, आणि मग घासून आखूड केलं जातं.

म्यान पाहायला विसरू नका. गणवेशावर शिवण्यासाठी त्याला चामड्याचे कान असतात, आणि ते पुष्कळदा कापलेले सापडतात. कानांसकट म्यान मिळालं तर जास्त पैसे मोजा. फक्त खंजीर त्यात ठेवू नका! चामडं कमावताना वापरलेली आम्लं आणि त्यानं धरून ठेवलेली ओल हळूहळू पोलाद खातात. घरी दोन्ही शेजारी शेजारी, पण वेगवेगळी ठेवायची.